शनिवारच्या गाण्याच्या तासासाठी

चिरंजीवी मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिली ते चौथीची चाळीस मुले एकाच खोलीत बसलेली, कौलांवर खानापूरचा पाऊस कोसळतो आहे, पुढच्या दोन रांगा गात आहेत आणि मागची मुले एकमेकांच्या दप्तरांचे पट्टे ओढत आहेत, हे तू लिहिलेले दृश्य मी याच तालुक्यातील शाळांमध्ये तीस वर्षे पाहिले आहे. गाणे नीट म्हटल्यास शेवटी गोळ्या वाटाव्यात की आधी दहा मिनिटे एखादा खेळ घ्यावा, असे तू विचारले आहेस. माझे मत आहे की यातले काहीही करू नये. गोळीसाठी गायलेले गाणे गोळी मिळताच संपते, आणि आधी खेळ घेतला तर मुलांचे मन त्या खेळातच रेंगाळते. खेळ गाण्याच्या पोटातच असला पाहिजे, म्हणजे गाणे थांबले की खेळही थांबावा आणि खेळ जिंकायचा असेल तर कान उघडा ठेवावाच लागावा, अशी त्याची घडण हवी.

पहिला प्रयोग खडूचा कर. एका मुलाला व्हरांड्यात पाठवायचे, खोलीत कोठेतरी खडू लपवायचा आणि त्याला आत बोलावून सर्वांनी गाणे सुरू करायचे. तोंडाने किंवा डोळ्यांनी काही सुचवायचे नाही. तो खडूच्या जवळ जाईल तसा गाण्याचा आवाज बदलायचा, एवढीच खूण. मी प्रथम जवळ गेल्यावर आवाज चढवायचा नियम ठेवला होता, पण दोन-तीन फेऱ्यांत त्याची आरडाओरड होई आणि मुलांचे घसे बसत. मग मी नियम उलटा केला. शोधणारा लांब असेल तेव्हा नेहमीच्या आवाजात गायचे, तो जवळ येईल तसतसे हळू होत जायचे आणि त्याचा हात खडूवर पडण्याच्या क्षणी केवळ कुजबूज उरावी. या एका बदलाने खोलीचे रूप पालटले. शोधणारे मूल श्वास रोखून ऐकू लागले, आणि जी मुले एरवी ओरडल्याशिवाय गात नसत ती हलक्या आवाजातही सूर धरू लागली. एका खडूच्या निमित्ताने तेच कडवे दहा वेळा म्हणून होते आणि पाठांतर करून घेतल्याची जाणीवही मुलांना होत नाही.

दुसरा खेळ विहिरीचा. तू उभी राहून तळहात छातीच्या उंचीवर धर. हात वर असेल तोवर मुलांनी मोठ्याने गायचे, आणि हात खाली गेला की गाणे विहिरीत बुडी मारते, म्हणजे ओठ मिटून ते मनातल्या मनात पुढे चालवायचे. हात वर आला की ज्या शब्दावर गाणे पोचले असेल तेथूनच सर्वांनी एकदम बाहेर यायचे. सुरुवातीला केरवा तालाचे एकच आवर्तन (एक फेरी), म्हणजे आठच मात्रा बुडव. ते जमले की सोळा कर. कोणाच्या मनात लय पक्की आहे आणि कोण शेजाऱ्याच्या आधाराने चालले आहे हे तुला यात लगेच कळेल. मात्र चुकणाऱ्याला बाद करू नकोस. बाद झालेले मूल भिंतीला टेकून बसते, आणि ज्याला सरावाची सर्वाधिक गरज आहे त्याचाच सराव बंद पडतो.

गाताना मुलांची लय नकळत धावू लागते, ही तुझी तक्रार खरी आहे. त्यासाठी बसचा खेळ चालव. जांबोटीहून कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता तुझ्या मुलांना माहीत आहे. एक मूल चालक होते आणि बाकीची गाता गाता मांडीवर ठेका धरतात. चालकाने ‘चढ’ म्हटले की लय संथ करायची, ‘सपाटी’ म्हटले की मोकळी सोडायची आणि ‘चोर्ल्याची वळणे’ म्हटले की पुन्हा आवरती घ्यायची. सावकाश गाणे जलद गाण्यापेक्षा अवघड असते, कारण दोन मात्रांमधली रिकामी जागा सांभाळावी लागते; चढावरची बस ओढताना मुले ती जागा आपोआप सांभाळतात.

तुझ्या वर्गात सात-आठ मुले घरी कन्नड बोलणारी आहेत आणि ती गाण्याच्या वेळी गप्प राहतात, असे तू लिहिले आहेस. याकडे मी तुला विशेष लक्ष द्यायला सांगेन, कारण आपल्या सीमाभागात हे मौन फार सहज पसरते. आठ मात्रांची मोजणी त्यांच्याकडे सोपव. अर्ध्या वर्गाने एक ते आठ मराठीत म्हणून टाळी द्यायची आणि पुढचे आवर्तन दुसऱ्या अर्ध्याने ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु असे म्हणून पुरे करायचे. नंतर गट बदलायचे. मराठी मुले ‘नाल्कु’वर अडखळतील, तेव्हा ती गप्प मुले त्यांची शिक्षक होतील. कुमार गंधर्व 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावी गावी कन्नड घरात जन्मले आणि मराठी श्रोत्यांनी त्यांना आपले मानले, हेही मुलांना कधीतरी सांग. शक्य असेल तर एखादे कन्नड बालगीत त्या गप्प मुलांपैकी कोणाच्या आईकडूनच शिकून घे.

आता पट्टीविषयी, म्हणजे सा कोठे धरावा याविषयी. तू शास्त्रीय गायन शिकलेली आहेस, म्हणून स्वतःच्या सवयीने खालच्या सप्तकातील काळी चार, म्हणजे पेटीचा चौथा काळा सूर, हा सा धरत असशील. लहान मुलांना तो फार खालचा पडतो. ती गळा दाबून पुटपुटतात आणि आपण त्यांना आळशी समजतो. बालगीते बहुधा सा ते ध एवढ्यातच फिरतात, तेव्हा पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी दोन किंवा काळी दोन हा सा धर. पेटीवरून सूर दिला की ती बाजूला ठेव, कारण तुझी मान पेटीकडे वळली की मागच्या रांगेला ते ताबडतोब कळते.

बेसूर गाणाऱ्या मुलांचा प्रश्न माझ्या मनाला फार जवळचा आहे. मी तिसरीत असताना वार्षिक कार्यक्रमाच्या तयारीत एका शिक्षकांनी मला सांगितले की, तू नुसते ओठ हलव. मी ओठ हलवले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे मी चारचौघांत गायलो नाही. ते वाक्य तुझ्या तोंडून कोणत्याही मुलाला ऐकू येऊ देऊ नकोस. अशा मुलाला सूर ऐकू येत नसतो असे नाही. आवाज वर-खाली सरकवता येतो हेच अनेकदा त्याच्या गळ्याला ठाऊक नसते. साखर कारखान्याचा भोंगा आपल्या जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? सर्वांनी मिळून तो भोंगा वाजवायचा, खालून सुरू करून हाताबरोबर आवाज वर न्यायचा आणि तसाच खाली आणायचा. मग त्या मुलाचा भोंगा जेथे थांबेल तोच सूर तू स्वतः उचल, त्यावर गाण्याची पहिली ओळ म्हण आणि वर्गालाही तेथूनच म्हणायला लाव. आयुष्यात प्रथमच सारा वर्ग त्याच्या सुरात आलेला असतो, आणि तो चेहरा तू स्वतः पाहावास अशी माझी इच्छा आहे. पुढे त्याला पक्क्या सुराच्या मुलाशेजारी बसव.

गावात भजन असेल तर काही मुलांना झील धरण्याची, म्हणजे मुख्य गायकामागून ओळ उचलण्याची सवय असते; त्यांना मागच्या रांगेत विखरून बसव आणि ध्रुवपद त्यांच्यावर सोपव, म्हणजे दप्तरांचे पट्टे सुटतील. कोणती रांग मोठ्याने गाते अशी चुरस मात्र कधीही लावू नकोस. बैठक अर्धगोलात ठेव, पंचवीस मिनिटांहून अधिक ताणू नकोस आणि एका तासाला एकच नवा खेळ घे.

येत्या शनिवारी खडूचा खेळ उलट्या नियमाने करून पाहा. कोणते कडवे घेतलेस, मुले कितव्या फेरीला कुजबुजीपर्यंत पोचली आणि ती गप्प राहणारी मुले कोठे बसली होती, हे मला सविस्तर कळव. पुढच्या पत्रात खड्यांनी ठेका देण्या-घेण्याचा खेळ लिहीन.

तुझे,
गुरुजी