तक्त्याची चौकट आणि तक्त्यातली अक्षरे

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल मी मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये तयार करतो. त्यात सभासदसंख्या, ग्रंथखरेदी, जमाखर्च असे २२ तक्ते असतात. सगळे एकसारखे दिसावेत म्हणून यंदा मी स्वतःची टेबल स्टाइल (तक्त्याच्या रेषा, रंग, अक्षरे यांचे एकदाच ठरवून ठेवलेले रूप) तयार केली. रेषा आणि रंग जुळले. परंतु स्टाइलमध्ये अक्षरांचा आकार ११ पॉइंट ठरवूनही मजकूर १४ पॉइंटचाच राहतो. असे का होते?

उत्तर : आपण मूळ मजकुराच्या ‘नॉर्मल’ या परिच्छेद-शैलीत (परिच्छेदातील अक्षरांचे व मांडणीचे ठरवून ठेवलेले रूप) १४ पॉइंट ठरवलेले असणार. वर्ड आधी टेबल स्टाइल लागू करतो आणि तिच्यावर परिच्छेदाची शैली चढवतो. त्यामुळे नॉर्मलमध्ये जे स्पष्टपणे ठरवले आहे, त्यापुढे टेबल स्टाइलचे काही चालत नाही. यासाठी नॉर्मल बदलू नये, कारण मग सगळा अहवालच बदलेल. चौकट, रेषा आणि रंगछटा टेबल स्टाइलकडे ठेवाव्यात आणि अक्षरांसाठी ‘तक्ता-मजकूर’ व उजवीकडे जुळवलेली ‘तक्ता-आकडे’ अशा दोन परिच्छेद-शैली कराव्यात. माझ्या मते मोठ्या दस्तऐवजात हाच मार्ग टिकाऊ आहे.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जपावी लागते. वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या वेगळ्या भागात ठेवतो. शैलीच्या फॉन्ट चौकटीत केवळ लॅटिनचा, म्हणजे इंग्रजी अक्षरांचा, आकार बदलला, तर देवनागरी अक्षरे आहे तशीच राहतात, आणि आकडे इंग्रजी अंकांत असतील तर एकाच ओळीत दोन आकार दिसू लागतात. दोन्ही ठिकाणी आकार ठरवावा; देवनागरीचा थोडा मोठा ठेवल्यास दोन्ही लिप्या डोळ्यांना सारख्या वाटतात.

जमाखर्चाच्या तक्त्यात शेवटी ‘एकूण’ची ओळ असते, सभासदांच्या यादीत नसते, तेवढ्यासाठी दुसरी स्टाइल करण्याचे कारण नाही. स्टाइलमध्ये ‘टोटल रो’चे रूप एकदा ठरवून ठेवावे आणि ‘टेबल डिझाइन’मधील त्या नावाची खूण हव्या त्या तक्त्यापुरती करावी.

पूर्वी हाताने केलेले बदल जुन्या तक्त्यांत शिल्लक असतील, तर ‘टेबल डिझाइन’मधील स्टाइलच्या चित्रावर माउसची उजवी कळ दाबून फॉरमॅटिंग पुसून लागू करण्याचा पर्याय निवडावा. मात्र हा पर्याय मुद्दाम ठळक केलेले शब्दही साधे करू शकतो, म्हणून आधी प्रत जपून ठेवावी. स्तंभांची रुंदी प्रत्येक तक्त्यात स्वतंत्रपणेच ठरवावी लागेल. लांब तक्त्याची शीर्षकाची ओळ पुढच्या पानावर पुन्हा यावी यासाठी पहिल्या ओळीत कर्सर ठेवून ‘लेआउट’मधील ‘रिपीट हेडर रोज’ निवडावे.