वाचकांचे प्रश्न : गाठीचा ताप, तुपावरची लस आणि बुजवलेल्या विहिरी

मागच्या अंकात १८९६च्या मुंबईतल्या प्लेगवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : प्लेग आधी मांडवीतच का दिसला? तिथली गटारं तुंबली होती म्हणून, असं ऐकत आलो आहे.

गटारं तुंबलेली होती हे खरं, पण प्लेग त्यांतून आला नाही. मांडवी हा गोदीला लागून असलेला वखारींचा भाग. शेजारी १८८० साली प्रिन्सेस डॉक आणि १८८८ साली व्हिक्टोरिया डॉक सुरू झाला होता. खाली धान्याची पोती आणि वर माणसांची दाटी, अशी घरं. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेग उसळला आणि त्या बंदराशी मुंबईचा व्यापार जोरात होता. काळा घरउंदीर माणसाच्या वस्तीत, माळ्यावर, पोत्यांच्या थप्पीत राहतो. त्याला मांडवीसारखी जागा शोधूनही मिळाली नसती. डॉ. अकाशिओ व्हिएगस यांनी २३ सप्टेंबर १८९६ रोजी रोग प्लेगच असल्याचं सांगितलं.

पुढे १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगानं एका वर्षात लाखाहून जास्त उंदीर तपासले, तेव्हा क्रम उलगडला. आधी गटारातला मोठा उंदीर मरतो. साधारण दहा दिवसांनी घरउंदीर पडू लागतात आणि त्यानंतर १० ते १४ दिवसांनी माणसं. हा शेवटचा अवधी कुठून येतो? उंदीर मेला की अंग गार पडतं आणि त्याच्या रक्तातून प्लेगचे जंतू घेतलेल्या पिसवा त्याला सोडतात. दुसरा उंदीर मिळाला नाही तर तीनेक दिवसांत भुकेनं माणसाला चावतात. चावल्यावर आणखी तीनेक दिवसांनी ताप, आणि जे दगावत ते बहुतेक पाच-सहा दिवसांत. घरात उंदीर पडला की माळावर झोपडी घालून राहायला जाण्याची जी रीत होती, तिच्यामागे याहून पक्कं शास्त्र नको.

याच आयोगाचा एक प्रयोग सांगायलाच हवा. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनीपिगचे पिंजरे टांगले. जमिनीपासून २ इंचांवरच्या पिंजऱ्यातले प्राणी आजारी पडले, २ फुटांवरचे वाचले. हवा दोघांची एकच होती. पिसवेची उडी जेमतेम चार-पाच इंचांची, एवढाच फरक. अनवाणी माणसाला ती पायाला चावते, म्हणून प्लेगची गाठ बहुतेकांना जांघेत यायची.

आणि पालिका त्या वेळी काय करत होती? गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक आणि समुद्राचं पाणी सोडत होती, भिंतींना चुना लावत होती, ऊन आत यावं म्हणून छपरं उघडत होती. यानं पिसू मरत नाही. उंदीर मात्र हुसकावून शेजारच्या घरात जातो. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत पिसवेचा संबंध दाखवला होता, पण सात-आठ वर्षं तो कुणी मनावर घेतला नाही. आमच्या मते मुंबईच्या प्लेगातली सर्वांत महागडी चूक ही.

प्रश्न : हाफकिनच्या प्लेगवरच्या लशीत तूप होतं असं वाचलं. खरं की दंतकथा?

खरं, पण तूप औषध म्हणून नव्हतं. प्लेगचे जंतू रश्शात वाढवताना त्यांना पृष्ठभागावर आधार लागतो. तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतूंची वाढ छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी खाली लोंबते. चंबू काही दिवसांनी हलवायचा, सुळके तळाशी जातात, वर नवे धरतात. असं चार ते सहा आठवडे. ही लोंबती वाढ दिसली म्हणजे चंबूत प्लेगचाच जंतू आहे याची खूणही पटते. चंबू हलला किंवा धक्का लागला तर सुळके तुटतात, म्हणून तो एरवी अगदी स्थिर ठेवावा लागे. मग चंबू ६५ ते ७० अंश सेल्सिअसवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि टिकण्यासाठी अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घालायचं. रस्सा बकऱ्याच्या मांसाचा, म्हणजे गाय आणि डुक्कर दोन्ही टाळलेले.

वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी तयार झाले त्यांना टोचली. त्या संध्याकाळपर्यंत आजारी पडलेले वगळले, तर न टोचलेल्यांत १२ आजारी पडले आणि ६ दगावले. टोचलेल्यांत २ आजारी पडले, दगावलं कुणी नाही. टोचल्यावर ताप आणि दंड सुजणं ठरलेलं असे, त्यामुळे रोजावर पोट असलेली माणसं कचरत.

१९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वातानं मेले. दोष बाटली उघडतानाच्या हलगर्जीपणाचा होता, पण ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसायला १९०७ उजाडलं.

प्रश्न : पणजोबा प्लेगात मुंबईला वारले, एवढंच घरात माहीत आहे. नोंद कशी शोधावी?

आधी साल पक्कं करा. घरच्या वहीत शके असेल तर ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. शके १८१८चा माघ म्हणजे १८९७चा फेब्रुवारी, साथ ऐन भरात. मुंबईत प्लेग दरवर्षी फेब्रुवारी ते एप्रिल चढायचा आणि पावसाळ्यात ओसरायचा. त्यामुळे वहीत श्रावण लिहिलेला असेल तर कारण दुसरंही असू शकतं.

मृत्यूच्या नोंदीत ‘प्लेग’ शब्दच शोधत बसू नका. विलगीकरणाच्या धाकानं घरचे लपवत आणि ‘ताप’, ‘छातीचा विकार’ असं लिहून घेत. मराठी कागदांत ‘गाठीचा ताप’ किंवा ‘ग्रंथिक सन्निपात’ मिळेल. मुंबईच्या पुराभिलेखागारात जनरल डिपार्टमेंटच्या प्लेगविषयक फायली आहेत. त्यांत माणसांची नावं क्वचितच, वस्त्या आणि उपाय मात्र भरपूर. आणखी एक शक्यता ध्यानात ठेवा. १८९७च्या सुरुवातीला जवळजवळ निम्मं शहर मुंबई सोडून गेलं होतं. लागण मुंबईत आणि मृत्यू गावी, असंही खूप घडलं. तेव्हा नोंद गावाकडेही शोधा.

प्रश्न : आजी ‘मानमोडी’ म्हणायची, ती प्लेगचीच का?

नाही. मानमोडी म्हणजे १९१८चा इन्फ्लुएंझा. तीही जून महिन्यात मुंबई बंदरातूनच शिरली आणि गोदीवरचे पोलीस शिपाई पहिल्या आजाऱ्यांत होते. जूनची लाट सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरची जीवघेणी. गाठ नाही, श्वास लागणं आहे आणि घरातले तरुण गेलेत, असं वर्णन असेल तर मानमोडीच.

प्रश्न : गिरगाव-फोर्टातल्या विहिरी प्लेगमुळे बुजवल्या का?

मलेरियामुळे. शहरात विहार तलावाचं पाणी १८६०पासून आणि तानसा तलावाचं १८९२पासून नळानं येत होतं, तरी वाड्यावाड्यांतल्या विहिरी वापरात होत्या. सी. ए. बेंटली यांच्या १९११च्या अहवालानं दाखवलं की शहरातला मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास दलदलीत नाही, तर याच स्वच्छ विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. म्हणून विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, असे हुकूम निघाले. पारशी आणि हिंदू दोघांनीही विरोध केला, कारण धर्मकार्याला विहिरीचंच, सूर्यप्रकाश लागलेलं पाणी हवं. चर्चगेटजवळची १७२५ची भिका बेहराम विहीर आजही आहे.

झाकणाची खरी अडचण फटीची. अंडं ते डास हा प्रवास उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत पुरा होतो. झाकणाची एक फळी जरी वाकली, किंवा पाणी काढायचं दार उघडं राहिलं, तर मादी आत शिरून अंडी घालते आणि दीड आठवड्यात नवी फौज बाहेर. गच्चीवरच्या टाकीचंही तेच. झाकण घट्ट बसत नसेल तर आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, कडा घासून सुकवावी. नुसतं पाणी बदलून भागत नाही.