वूव्रे ही फ्रेंच व्हाइट वाइन कोणत्या द्राक्षाची असते? ती गोड असते की ड्राय?

मित्रानं पॅरिसहून आणलेल्या बाटलीवर 'वूव्रे' एवढंच मोठ्या अक्षरांत आहे, द्राक्षाचं नाव कुठेच नाही, मग ही वाइन कशाची आणि गोड निघेल का, असं तुम्ही विचारलंय. द्राक्ष शेनिन ब्लाँ. नाशिककडच्या वाइनरी जे लावून घेतात तेच. गोडीचं उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, आणि वूव्रे मला इतकी आवडते ती त्याचमुळे.

वूव्रे हे गावाचं नाव. ल्वार नदीच्या उत्तर काठावर, तूर शहराच्या पूर्वेला दहाएक किलोमीटरवर. रत्नागिरीची पेटी म्हटल्यावर आत हापूस आहे हे वेगळं सांगावं लागत नाही, तसंच तिथं आहे. १९३६ पासून गावाचं नाव कायद्यानं बांधलेलं आहे: ठरलेल्या हद्दीतलं, ठरलेल्या द्राक्षाचं असेल तरच ते लावता येतं. म्हणून लेबलवर शेनिन लिहायची गरज कुणाला वाटत नाही. नदीपलीकडे मोंलुई आहे, द्राक्ष तेच. तिथली वाइन पूर्वी वूव्रे म्हणूनच विकली जायची, १९३८ मध्ये तिला स्वतंत्र नाव मिळालं.

मी दिंडोरी तालुक्यातला. घरच्या बागेत दोन एकर शेनिन आहे. काही वर्षांपूर्वी तोडणीच्या हंगामात तीन आठवडे वूव्रेला राहून काम केलं. तोवर शेनिन मला पाठ आहे असा माझा समज होता. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणी होते आणि माल फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात पिकतो. साखर भराभर चढते, आंबटपणा तितक्याच वेगानं उतरतो, म्हणून तोडणीला दोन दिवस उशीर झाला तरी जीव खालीवर होतो. तिथं वेल हिवाळाभर झोपलेला असतो, एप्रिलमध्ये फुटतो (तेव्हा दहिवराची धास्ती), आणि माल सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गारव्यात सावकाश पिकतो. साखर वाढली तरी आंबटपणा टिकून राहतो. हा आंबटपणा म्हणजे वूव्रेचा कणा.

आता गोडी. साल थंड आणि पावसाळी गेलं तर द्राक्षं पुरती पिकत नाहीत. मग ड्राय किंवा फसफसणारी वाइन करतात. शरद ऋतू उबदार आणि कोरडा गेला तर घड वेलीवरच ठेवतात. नदीवरून सकाळी धुकं येतं, दुपारी ऊन पडतं, आणि मण्यांवर बोट्रायटिस नावाची करडी बुरशी धरते. मण्यातलं पाणी उडतं, साखर आणि आंबटपणा आटून घट्ट होतात. मग एकाच ओळीतून चार-चार वेळा फिरून फक्त तयार झालेले मणी काढतात. मी असा घड हातात धरलेला फोटो घरी पाठवला तेव्हा आप्पांचा लगेच फोन आला: "अरे, कुजलाय तो, टाक बांधावर!" आपल्या बागेत ते बरोबरच आहे. पण १९४७ सालच्या अशाच गोड वूव्रेचं नाव जाणकार आजही आदरानं घेतात.

तेव्हा लेबलवर हे शब्द शोधा. 'सेक' म्हणजे ड्राय. 'दमी-सेक' म्हणजे हलकी गोडी, जी आंबटपणामुळे जिभेवर चिकटत नाही. 'म्वालो' म्हणजे स्पष्ट गोड, साधारण १२ ते ४५ ग्रॅम साखर लिटरमागे. त्याहून गोड ती 'दू'. बुचाला तार बांधलेली असेल तर फसफसणारी. आज तिथल्या निम्म्याहून जास्त वाइन त्याच प्रकारची असते. काहीच लिहिलेलं नसेल तर बहुधा ड्रायच्या अंगानं जाणारी.

जमिनीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. खाली 'त्युफो' नावाचा पांढरट, मऊ चुनखडक आहे. ल्वारकाठचे राजवाडे ह्याच दगडाचे. दगड काढून डोंगरात ज्या गुहा झाल्या, त्यांत आज वाइन मुरते. वर्षभर तापमान साधारण १२ अंश. काही घरंसुद्धा अशीच खडकात कोरलेली आहेत. ह्या मळ्यांमधून टीजीव्ही ही फ्रान्सची अतिवेगवान रेल्वे जाणार होती, तेव्हा गावाचे महापौर गास्तों युए, जे स्वतः मोठे वाइनकार होते, त्याविरुद्ध उभे राहिले. शेवटी रूळ मळ्यांखालच्या बोगद्यातून गेले.

चवीला तरुण वूव्रे हिरव्या सफरचंदासारखी. मुरलेलीत मध येतो आणि भिजलेल्या घोंगडीसारखा एक वास येतो. तो वास आला म्हणून बाटली बिघडली असं समजू नका, शेनिनचीच ती खूण आहे. नाशिकची शेनिन ताजी प्यावी, चांगली वूव्रे मात्र वीस-तीस वर्षंही सहज टिकते.

तुमची बाटली दमी-सेक निघाली तर फ्रिजमधून वीस मिनिटं आधी बाहेर काढा, कारण फार गार झाली की वास मिटून जातो. सोबत नारळाच्या दुधातलं कोळंबीचं कालवण करा, तिखट बेतानं. सेक असेल तर तळलेली सुरमई. आणि म्वालो असेल, साल चांगलं असेल, तर अजून उघडूच नका; अंधाऱ्या, गार जागी आडवी ठेवून द्या.