स्प्लिंट सोडण्याआधी आतली टाच पाहा

ताई, आपल्या चार वर्षांच्या मुलीला स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः दोन्ही पाय ताठर करणारा सेरेब्रल पाल्सीचा प्रकार) आहे, ती चवड्यांवर चालते, शिबिरात मिळालेली स्प्लिंट (घोटा व पाऊल काटकोनात धरणारा कडक साचा) घातली की रडते आणि घरातील मोठी माणसे ‘पोरीला छळू नका, तेलाने चोळा’ म्हणतात, असे आपण शिरपूरहून लिहिले आहे. अमळनेरला आमच्या घरात हाच वाद झालेला असल्याने जरा सविस्तर लिहितो. मी पालक आहे, डॉक्टर नाही. आपल्या मुलीला प्रत्यक्ष तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे म्हणणे माझ्या म्हणण्यापेक्षा वरचे समजावे.

रोजच्या व्यायामाविषयी आपल्याला सांगितले गेले असेलच. माझे सांगणे स्प्लिंटपुरते आहे. आम्हाला ती जेथून मिळाली, तेथे पायाचा प्लास्टरचा साचा घेतलाच नाही. पट्टीने पावलाची लांबी मोजली आणि तयार ढिगातून एक जोडी काढून दिली. सैल वाटते म्हटल्यावर, शाळेचा गणवेश घ्यावा तसे ‘वाढते अंग आहे, पुढेही पुरेल’ हे उत्तर मिळाले. पुढे मुलाच्या घोट्याला फोड आले म्हणून तक्रार घेऊन गेलो, तर वस्तू मिळाल्याची आमचीच सही पुढे करण्यात आली. वाटपाचे फोटो मात्र तत्परतेने काढले होते!

सैल स्प्लिंट ही नुसती गैरसोय नसते. बाहेरून पाऊल काटकोनात दिसते, पण आत टाच वर सरकलेली असते, पाऊल मधल्या भागातच वाकते आणि आखडलेल्या पोटरीला हवा तो ताण मिळतच नाही. म्हणून मुलीला बसवून, गुडघा वाकवून, टाच आधी मागे व खाली नीट टेकवावी आणि घोट्यावरचा पट्टा सर्वांत आधी आवळावा. काही ऑर्थोटिस्ट (स्प्लिंट बनवणारे तज्ज्ञ) टाचेपाशी लहानसे छिद्र ठेवतात, त्यातून टाच टेकली की नाही हे दिसते. स्प्लिंट काढल्यावर उमटलेला लाल वण २० ते ३० मिनिटांत गेला नाही, तर ती तशीच घालत राहू नये, दुरुस्त करून घ्यावी. आत सुती, सुरकुती नसलेला मोजा हवा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर घामाने ओला झालेला मोजा दिवसातून बदलावाच लागतो.

मालिश मुलीला आवडत असेल तर खुशाल करावे, परंतु स्नायूंचा हा ताठरपणा मेंदूतील इजेमुळे असतो आणि तेलाने ती इजा भरून येत नाही. हाड वाढत जाते, ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाही, त्यामुळे उंची वाढण्याच्या काळात टाच पुन्हा उचलली जाऊ शकते. माझ्या मते तपासणीत पोटरीची लवचिकता गुडघा सरळ ठेवूनही मोजली पाहिजे, कारण गुडघा वाकवला की पोटरीचा वरचा स्नायू सैल पडतो आणि पाऊल सहज वर येते. खुब्याच्या एक्स-रेविषयीही डॉक्टरांना विचारून ठेवावे; चालणाऱ्या मुलांत खुबा सरकण्याचा धोका कमी असतो, पण नसतोच असे नाही.

खर्चाचे म्हणाल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विमा योजनेत सेरेब्रल पाल्सी येते आणि वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या संरक्षणात ठरावीक मर्यादेत थेरपीचाही समावेश आहे. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. ‘टक्केवारी बदलेल, मूल मोठे झाल्यावर या’ असे कोणी सांगून परत पाठवू लागले तर जागचे हलू नये. दिव्यांगत्व बदलण्याची शक्यता असेल तेव्हा मुदतीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद दिव्यांग हक्क कायद्याच्या २०१७ च्या नियमांतच आहे. अर्जात तेवढे लिहून द्यावे आणि पोच मागून घ्यावी.