सबस्क्रिप्शन की एकदाच खरेदी? आधी शीटमधला शेवटचा रकाना काढा

भांडुपहून एका वडिलांचा मेल आलाय. ते एका खासगी कंपनीत हिशेब विभागात आहेत, मुलगी यंदा अप्लाइड आर्टच्या पहिल्या वर्षाला आहे. ऑगस्टमध्ये त्यांनी तिला अ‍ॅडोबीच्या डिझाइन सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन घेऊन दिलं आणि दर महिन्याला त्यांच्या कार्डावरून पैसे जातात. आता त्यांना वाटतंय की असं भाडं भरत बसण्यापेक्षा एकदाच काय ते विकत घेऊन मोकळं व्हावं. सोबत एक्सेलची शीट जोडली आहे. वर्ष संपेपर्यंत मुलीने बाहेरची कामं करून सॉफ्टवेअरचा खर्च भरून काढला नाही, तर कॉलेज सोडून बी.कॉम.ला जायचं, 'असं घरात ठरलं आहे'. धाकटा मुलगाही चित्रं काढतो, त्याच सबस्क्रिप्शनवर त्याची प्रवेश परीक्षेची तयारी होईल का, हाही प्रश्न आहे. मेलच्या तळाशी मुलीने स्वतः दोन ओळी लिहिल्या आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

नमस्कार,

तुमची शीट मी नीट पाहिली. बेरजा बरोबर आहेत. डावीकडे सबस्क्रिप्शन, मधे एकदाची खरेदी, आणि कितव्या महिन्यात दोन्हींचा खर्च सारखा होतो तेही तुम्ही काढलंय. मी अडले ती उजवीकडच्या शेवटच्या रकान्यापाशी. त्याच्यावर 'मुलीने मिळवलेले' असं लिहिलंय आणि ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत प्रत्येक ओळीत शून्य भरलंय. ही शीट तिने पाहिली आहे का? तुम्हीच लिहिलंय की पैसे कापल्याचा मेसेज आला की तुम्ही तिला 'या महिन्यात काय केलंस' असं विचारता, आणि हल्ली ती उत्तर देत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे पैसे कापण्याच्या 24 तास आधीही सूचना येते. म्हणजे तुमच्या घरी महिन्यातून दोनदा तोंडी परीक्षा होते. मीही उत्तर देणं सोडलं असतं.

आणि 'घरात ठरलं' म्हणजे कोणी ठरवलं? तुम्ही लिहिलेल्या दोन पानांत तिचं म्हणणं एका वाक्यातही आलेलं नाही. ती कॉलेजात काय करते, कशात रमते, कुठे अडते, हे मला काहीच कळलं नाही. सॉफ्टवेअरचे दर मात्र दोन दशांश स्थळांपर्यंत कळले.

आता तिच्या वेळापत्रकाकडे बघा. अप्लाइड आर्टचं पहिलं वर्ष म्हणजे फाउंडेशन. स्थिरचित्र, निसर्गचित्र, द्विमितीय आणि त्रिमितीय संकल्प, अक्षरलेखन, रंगांचा अभ्यास. यातलं बहुतेक काम हाताने, कागदावर, पोस्टर कलरने होतं. सबमिशनच्या आदल्या रात्री घरभर कागद पसरलेले तुम्ही पाहिले असतील. या वर्षात सॉफ्टवेअरमधून कमाई होत नसेल तर सगळं जिथल्या तिथे आहे. सीए फाउंडेशनला बसलेल्या मुलाकडे तुम्ही ऑडिटची फी मागाल का?

कामं मिळत नाहीत असं नाही. वाढदिवसाचे बॅनर, साहेबांना शुभेच्छा देणारे फ्लेक्स, लग्नपत्रिका, दुकानाची व्हॉट्सअ‍ॅप जाहिरात. चार-पाचशे रुपये, उद्या सकाळी हवं, आणि 'त्या नाक्यावरच्या बॅनरसारखंच करा'. ज्या वयात एका अक्षराची गोलाई जमेपर्यंत वीस कागद खराब करायचे, त्या वयात मुलं तयार टेम्प्लेटमध्ये फोटो बदलायला शिकतात. हौसेने एखादं काम केलं, खाऊचे पैसे मिळाले, तर उत्तमच. पण कॉलेजातली जागा टिकवण्यासाठी करायला लावलं, तर ती चौथ्या वर्षी जो पोर्टफोलिओ घेऊन बाहेर पडेल तो कोणी दुसऱ्यांदा उघडणार नाही. आणि बी.कॉम.ची शिक्षा कशाला? तुम्ही स्वतः त्याच शाखेतून आलात ना?

धाकट्याचं एका ओळीत: कला महाविद्यालयांसाठीची राज्याची सीईटी, आयआयटीची यूसीड, एनआयडीची डॅट, यांतल्या चित्रकलेच्या भागाला कागद-पेन्सिल लागते, सॉफ्टवेअर नाही. शिवाय तुमच्या सबस्क्रिप्शनचा परवाना एका व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. 'एकदा विकत घेतलं की कायमचं आपलं' या समजावर तुमची सगळी शीट उभी आहे, आणि तो समज चुकीचा आहे. अ‍ॅडोबीने 2013 मध्ये जाहीर केलं की यापुढे फोटोशॉप, इलस्ट्रेटरसारख्या मुख्य प्रोग्रॅमची नवी आवृत्ती फक्त सबस्क्रिप्शनवर मिळेल. त्यांचा एकदाच पैसे भरून घेता येणारा शेवटचा संच, क्रिएटिव्ह सूट, म्हणजे 2012 चं सीएस6. ते घेऊन ठेवलेले लोक काही वर्षं मजेत होते. मग 2019 मध्ये अ‍ॅपलने मॅकच्या कॅटालिना आवृत्तीत जुन्या धाटणीचे, 32 बिटचे प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि ज्यांनी सिस्टीम अपडेट केली त्यांचं 'कायमचं' सॉफ्टवेअर बंद पडलं. सॉफ्टवेअर तुमच्या मालकीचं असलं तरी ते ज्या सिस्टीमवर चालतं ती कंपनीच्या मर्जीची. फोटोशॉप एलिमेंट्सची 2025 ची आवृत्ती बघा: पैसे एकदाच, पण परवाना तीन वर्षांचा. तुमच्या शीटमध्ये एकदाच्या खरेदीखाली अफिनिटी या डिझाइन सॉफ्टवेअरची किंमत धरली आहे, बहुधा एखाद्या जुन्या व्हिडिओवरून. सेरिफ या ब्रिटिश कंपनीने ते 2014 पासून एकरकमी विकलं. 2022 मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिचे पैसे पुन्हा वेगळे. 2024 मध्ये ऑनलाइन डिझाइनवाल्या कॅनव्हाने सेरिफ विकत घेतली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अफिनिटी फुकट करून टाकलं. कॅनव्हाचं खातं लागतं आणि एआयच्या सोयींना त्यांचा सशुल्क प्लॅन लागतो, बाकी काही नाही. तुम्ही चार वर्षांचा हिशेब मांडलात आणि ज्या वस्तूवर मांडलात तिची किंमत आज शून्य आहे. शिवाय हिशेबनीस माणूस, घसारा कसा विसरलात?

सबस्क्रिप्शनची बाजू मी घेतेय असं समजू नका. त्यात फसायची जागा वेगळी आहे. तुम्ही 'महिन्याचं' म्हणताय ते बहुधा वर्षाचं बांधील सबस्क्रिप्शन आहे, पैसे फक्त महिन्याच्या हप्त्याने जातात. खरं महिन्या-महिन्याचं सबस्क्रिप्शन याहून महाग असतं, पण पुढच्या महिन्यात सोडता येतं. वर्षाचं मधेच सोडलं तर अ‍ॅडोबीच्या अटींनुसार पहिले 14 दिवस उलटल्यावर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मी रक्कम एकदम भरावी लागते. अमेरिकेत तर जून 2024 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या संस्थेच्या सांगण्यावरून सरकारने अ‍ॅडोबीवर दावा लावला, त्यात हे शुल्क ग्राहकांपासून नीट दिसणार नाही असं ठेवल्याचाच आरोप होता. तेव्हा रागाच्या भरात रद्दचं बटण दाबू नका. खात्यात जाऊन प्लॅनचं नाव आणि नूतनीकरणाची तारीख बघा, सोडायचं शुल्क आणि उरलेले हप्ते यांची तुलना करा. विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर बहुधा पहिल्या वर्षापुरता असतो, दुसऱ्या वर्षी तो वाढतो, हेही त्याच पानावर लहान अक्षरांत सापडेल.

कॉम्प्युटरवाल्याने दीड हजारात 'लाइफटाइम' टाकून देतो म्हटलंय, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ती चोरीची प्रत आहे. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63 बी: अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. सोबत कुठला व्हायरस येईल ते वेगळंच, आणि त्याच कॉम्प्युटरवर तुमचं नेटबँकिंग चालतं. कंपनीत तुम्ही असं बिल पास केलं असतंत का?

मग काय घ्यायचं? माझं मत: यंदा काहीच नाही. चालू प्लॅनची मुदत संपेपर्यंत तिला वापरू द्या आणि पुढच्या वर्षाचं नूतनीकरण वेळेत बंद करा. दुसऱ्या वर्षी तिने व्हेक्टरसाठी, म्हणजे लोगोसारख्या रेषा-आकारांच्या कामासाठी, अफिनिटी किंवा इंकस्केप वापरावं, रंगवण्यासाठी क्रिटा. अ‍ॅप, वेबसाइटचे पडदे आखायचं फिग्मा विद्यार्थ्यांना फुकट आहे. अ‍ॅनिमेशन, थ्रीडीकडे वळली तर ब्लेंडर पूर्ण फुकट आहे, व्हिडिओसाठी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती बरीच वर्षं पुरते. अ‍ॅडोबीला पर्याय आहे, सबब ते शिकूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. लोअर परळ, अंधेरीच्या एजन्सींत आर्ट डिपार्टमेंटला बसायचं तर फोटोशॉप, इलस्ट्रेटरवर हात बसलेला लागतो. तो बसवायला कॉलेजची लॅब आहे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पोर्टफोलिओ बांधताना, इंटर्नशिपच्या आधी, सबस्क्रिप्शन घ्या. नोकरी लागल्यावर ते पैसे कंपनी भरते. तिने काम साठवताना मूळ फाइलसोबत पीडीएफ आणि एसव्हीजी ठेवण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे सबस्क्रिप्शन थांबलं तरी काम उघडता येईल.

एकदाच पैसे घालायचेच असतील तर पेन टॅब्लेटवर घाला, कॉम्प्युटरची रॅम वाढवा. ते सॉफ्टवेअर कुठलंही असो, उपयोगी पडतं.

आणि ती अट मागे घ्या. 'बघू, तिसऱ्या वर्षापर्यंत वेळ देतो' असं अर्धवट नको. आजच, तिच्या आईसमोर, स्पष्ट सांगा की कॉलेज पूर्ण होईल. शीट ठेवायची तर ठेवा, घरखर्चाचा हिशेब चांगलाच. फक्त तो शेवटचा रकाना काढून टाका.

आता मुलीने लिहिलेल्या ओळी. 'मॅडम, कॉलेजात कोरल फारसं वापरत नाहीत, पण आमच्याकडचे प्रेसवाले काका सीडीआर फाइलच मागतात आणि माझी मराठी अक्षरं त्यांच्याकडे तुटतात. कोरल विकत घेऊन शिकू का?' अख्ख्या मेलमध्ये करिअरचा प्रश्न हा एवढाच आहे.

बाळ, कोरल जरूर शीक, पण विकत घेऊ नकोस. सीडीआर ही कोरलचीच फाइल. 1989 पासूनचं हे सॉफ्टवेअर आपल्याकडे छपाई, फ्लेक्स, साइनबोर्डच्या धंद्यात मुरलेलं आहे. फाइन आर्टवाले नाक मुरडतात, तू मुरडू नकोस. ते सबस्क्रिप्शननेही मिळतं आणि एकरकमीही, पण एकरकमी किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्यातली नाही. मर्यादित दिवसांची चाचणी आवृत्ती आहे, ती सुट्टीत घे. त्याहून बरं म्हणजे काकांना विचार, महिनाभर दुपारी त्यांच्याच मशीनवर बसू देतात का. कोरलसोबत तुला प्लेट कशी निघते, आरजीबीत, म्हणजे पडद्यावर, भडक दिसणारा भगवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शाईत, का मळतो, कटिंगसाठी कडेला जागा किती सोडायची, हेही कळेल. लॅबमध्ये बसून हे कळायला वर्षं जातात.

अक्षरं तुटण्याची कारणं बहुधा दोन. एक, तू युनिकोडमध्ये टाइप करतेस आणि काकांकडे जुन्या पद्धतीचे फाँट आहेत, श्रीलिपीसारखे. एकातला मजकूर दुसऱ्यात टाकला की नुसत्या खुणा उमटतात. दोन, प्रोग्रॅमला देवनागरीची जोडणी करता येत नाही किंवा तो पर्याय बंद आहे. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्समध्ये भारतीय लिपींचा पर्याय आहे, तो चालू करून दक्षिण आशियाई कंपोझर निवडलास की वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर येतात. कुठलंही सॉफ्टवेअर, फुकटचं असो वा पैशाचं, आधी त्यात 'क्षितिज', 'सुऱ्या', 'उद्ध्वस्त', 'कर्तृत्व' टाइप करून बघ. इथे अडलं तर मराठी कामासाठी ते बाद. फाँटसाठी मुक्ता आणि बालू घे, मुंबईच्याच 'एक टाइप' या फाँट करणाऱ्या संस्थेचे आहेत, खुल्या परवान्याचे. प्रेसला देताना मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून, पीडीएफ दे, पण त्याआधी प्रूफ दोघांकडून वाचून घे. कर्व्ह झाल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, म्हणून न केलेली प्रत वेगळी ठेव.

आणि सध्या जे अक्षरलेखन हाताने करून घेतायत ते टाळू नकोस. विंडोजमधला मंगल हा फाँट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी मूळचे सुलेखनकार, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचे. देवनागरी फाँट करणारी माणसं आजही कमी आहेत आणि लिपी हातात बसलेल्या मुलांना त्यात काम आहे. तुझ्या अक्षरलेखनाच्या चार-पाच कागदांचे फोटो मला पाठव, चांगले आलेले आणि बिघडलेले दोन्ही. मग या वाटेबद्दल सविस्तर लिहिते.