वाचक विचारतात : पलटणीतला पाद्रे

सैन्यातल्या धर्मगुरू या पदाविषयी मराठवाड्यातून आलेली सात पत्रे या वेळी घेतली आहेत. ख्रिस्ती धर्मगुरूला सैन्यात पाद्रे म्हणतात. उत्तरे देणाऱ्यांत सेमिनरीत शिकवणारे आहेत आणि पलटणीत धर्मगुरू म्हणून नोकरी केलेलेही. पत्रे लांबलचक होती, म्हणून प्रश्नापुरतीच छापली आहेत.

माझा मुलगा पुण्यात सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या विद्यालयात) बी.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय २४. बारावीनंतर थेट बी.टीएच. केले. दोन्ही पदव्या ईशज्ञानाच्या. सैन्यात पाद्रे व्हायचे म्हणतो. आता अर्ज केला तर चालेल का?
— एक वाचक, जालना

नाही चालणार. वैद्यकीय कॉलेजात शिकता शिकता सैन्याचा डॉक्टर होता येते, तशी पाद्र्याची गोष्ट नाही. सैन्य पाद्रे घडवत नाही, घडलेला पाद्रे घेते. जाहिरातीतली अट दोन तुकड्यांची आहे. उमेदवाराला अधिकृत चर्च-अधिकाऱ्यांकडून पौरोहित्याची दीक्षा मिळालेली हवी, आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत त्याचे नाव अजूनही असायला हवे. सगळा भार या ‘अजूनही’वर आहे. बी.डी.ची पदवी हातात असली तरी दीक्षा नसेल तर अर्ज बाद. नुसता डीकन (दीक्षेची पहिली पायरी) असून भागत नाही, प्रेसबिटर (पूर्ण दीक्षा झालेला पाळक) व्हावे लागते. मंडळीशी भांडून बाहेर पडलेल्या किंवा स्वतःची स्वतंत्र मंडळी काढलेल्या पाळकाला तर ही अट हमखास नडते.

याशिवाय मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी लागते. तुमच्या मुलाची अडचण इथे आहे. अनेक सेमिनरींतल्या बी.टीएच., बी.डी. या पदव्या बंगालमधल्या सेरामपूरच्या असतात. सेरामपूरला पदवी देण्याचा अधिकार १८२७ च्या डॅनिश सनदेपासूनचा आहे आणि १९१८ च्या कायद्याने तो पक्काही झाला. पण कागद तपासणाऱ्या टेबलावर उभे राहून हा इतिहास सांगत बसण्यात राम नाही. मुलाने आजच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूमध्ये बी.ए.ला नाव घालावे. एक पदवी वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने, अशा दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला यूजीसीने २०२२ पासून मोकळीक दिली आहे. बी.ए.ला तीन वर्षे जातील, तोवर इकडे दीक्षेची वेळ येईल.

वयाचा हिशोब मांडून ठेवा. पूर्वी २७ ते ३४ अशी मर्यादा होती. २०२२ च्या जाहिरातीत ती २५ ते ३६ होती आणि वय १ ऑक्टोबरला मोजले होते. बी.डी. संपेपर्यंत मुलगा २६-२७ चा होईल, पुढे डीकन म्हणून काही काळ, मग प्रेसबिटर. म्हणजे पहिला खरा अर्ज २८-२९ ला. जाहिरात दरवर्षी ठरल्या महिन्यात येतेच असे नाही, त्यामुळे हातात संधी मोजक्याच. दर जाहिरातीत वयाची तारीख पुन्हा वाचा. शेजारच्याने सांगितलेल्या तारखेवर जाऊ नका.

मी कॅथलिक आहे, तत्त्वज्ञानाचे शिक्षण चालू आहे. सैन्यात पाद्रे व्हायचे आहे, हे बिशपांना आधीच सांगावे की दीक्षेनंतर?
— छत्रपती संभाजीनगर

आधी. कॅनन लॉप्रमाणे, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याप्रमाणे, फादर होण्याचे किमान वय २५ आणि तत्त्वज्ञान-ईशज्ञानाचा अभ्यास पूर्ण सहा वर्षांचा. एवढे सगळे एका माणसावर खर्च केल्यावर धर्मप्रांताने तो पलटणीला द्यायचा असतो. इथल्या एकेका फादरकडे कितीतरी गावे असतात, त्यामुळे बिशपांना तो सहज सोडवत नाही. दीक्षेच्या दुसऱ्या महिन्यात परवानगीचे पत्र मागायला गेलात तर नकार ठरलेला. सेमिनरीच्या रेक्टरांमार्फत आत्ताच लेखी कळवून ठेवा.

शाळेच्या दाखल्यावर माझे नाव एक, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर दुसरे. टी.सी.वर धर्म ‘हिंदू’ आणि जात लिहिलेली आहे. घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. याने अडेल का?
— अंबाजोगाई, जि. बीड

अडेल, आणि शेवटच्या टप्प्यावर अडेल. धावणे, वैद्यकीय, लेखी सगळे झाल्यावर कागद अडकतात हेच जास्त वाईट. आपल्याकडे हे घरोघरी आहे: दाखल्यावर जुने नाव, मंडळीत सॅम्युएल किंवा दाऊद, आणि दीक्षेच्या दाखल्यावर तिसरेच रूप.

दहावीच्या सनदेवरचे नाव आणि जन्मतारीख हाच पाया धरा. सगळे कागद त्याच्याशी जुळवायचे. सनद बदलायला निघू नका. बिशपांच्या कचेरीला सांगा की दीक्षेचा दाखला सनदेवरच्या नावानेच द्या आणि बाप्तिस्म्याचे नाव ‘उर्फ’ म्हणून लिहा. दाखला आधीच दुसऱ्या नावाने निघाला असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि त्याची प्रत प्रत्येक संचाला जोडा. धर्मासाठी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांचे धर्माचे प्रमाणपत्र वेगळे काढा. नुसते प्रतिज्ञापत्र करून नोटरीचा शिक्का मारला की झाले, असे सांगणारे तहसीलबाहेर पुष्कळ भेटतील. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे जावे.

एक कटू गोष्ट आताच सांगितलेली बरी. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. एका हातात जातीचा दाखला आणि दुसऱ्या हातात पाद्र्याची सनद असे दोन्ही घेऊन सरकारी टेबलासमोर उभे राहू नका.

धावणे किती, छाती किती? सेमिनरीत पाच वर्षे बसून पोट सुटले आहे.
— लातूर

१६०० मीटर, ८ मिनिटांत. उंची १६० सेंटीमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ जास्त, वजन किमान ५० किलो. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या होतात, म्हणजे फेरीला दोन मिनिटे. हा वेग फार नाही. नापास होणारे बहुतेक जण पहिली फेरी दीड मिनिटात मारतात आणि तिसरीत कमरेवर हात ठेवून उभे राहतात. घड्याळ हातात घेऊन पहिली फेरी मुद्दाम १:५५ मध्ये बसवायचा सराव करा. आठवड्यातून तीनच दिवस धावा, मधले दिवस चाला. एप्रिल-मेमध्ये लातुरात सकाळी सहाच्या आत आटोपले पाहिजे. डांबरी रस्त्यावर सराव केलात तर नडगी धरते, जिल्हा क्रीडा संकुलाची माती गाठा.

दातांकडे कुणी बघत नाही. सैन्यात दातांचे गुण मोजतात: समोरासमोर जुळणारा पुढचा दात १ गुण, दाढ २ गुण, सगळे मिळून २२, त्यातले किमान १४ हवेत. दोन-तीन दाढा काढून टाकलेल्या माणसाने आधी दंतवैद्याकडे बसून हिशोब करावा. कानातला मळही आधीच काढून घ्या, तेवढ्यासाठी पुन्हा तारीख पडते.

लेखी परीक्षेत दोन पेपर असतात: एक सामान्य ज्ञान, दुसरा आपापल्या धर्माचा. प्रत्येकी ५० प्रश्न, १०० गुण. चुकीला अर्धा गुण वजा. पास व्हायला प्रत्येकात ४०. सेमिनरीतली मुले दुसऱ्याला घाबरतात आणि पहिल्यात पडतात.

निवड झाल्यावर पाद्रे दिवसभर करतो काय? रविवारची उपासना सोडली तर काम उरते का?
— एक बी.डी. विद्यार्थी, परभणी

उपासना हे सगळ्यात सोपे काम. निवड झालेला नायब सुभेदार म्हणून लागतो, मूळ वेतन ३५,४०० आणि वर लष्करी सेवा वेतन ५,२००. प्रशिक्षणासाठी पुण्याची राष्ट्रीय एकात्मता संस्था आहे. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्रे आणि बौद्ध भिक्खू तिथे एकत्र शिकतात, आणि एकमेकांच्या धर्माची ओळखही तिथेच होते. ती कामाला येते, कारण पुष्कळ ठिकाणी एकाच छपराखाली सर्वधर्म स्थळ असते. मंदिर परेडला, म्हणजे पलटणीच्या सामुदायिक उपासनेला, तुम्ही बाजूला उभे राहून चालत नाही.

कामाच्या यादीत आजाऱ्यांना भेटणे, बरे होत असलेल्यांबरोबर प्रार्थना, शिक्षा भोगणाऱ्या जवानाला भेटणे, अंत्यविधी आणि जवानांच्या मुलांना धर्मशिक्षण हे सगळे येते. सेमिनरीत उपदेशशास्त्राला जेवढे तास देता, त्यातले निम्मे रुग्णालयाच्या वॉर्डात द्या. पाय गेलेल्या पोराच्या खाटेपाशी बसून काहीही न बोलता वीस मिनिटे काढता येतात का, हे विद्यार्थी असतानाच कळलेले बरे.

तुमच्यासमोरची मंडळीही जालन्याची नसेल. समोर नागा बॅप्टिस्ट, मिझो प्रेसबिटेरियन, केरळचा सिरियन, झारखंडचा कॅथलिक. बॅप्टिस्ट जवानाला तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मान्य नाही, आणि तुम्ही नेमका तोच देणारे. कॅथलिक जवान तुमच्या प्रभुभोजनाला येणार नाही. त्याचा राग धरायचा नाही. जवळच्या चर्चमधले फादर कोण, त्यांचा फोन नंबर काय, हे आल्याच्या पहिल्या आठवड्यात वहीत असले पाहिजे. भाषा हिंदी. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ झोपेत म्हणता येत असेल, पण ‘हे हमारे पिता, तू जो स्वर्ग में है’ म्हणताना तिसऱ्या ओळीत अडखळलात तर अख्खी रांग अडखळते. प्रभूची प्रार्थना, तेविसावे स्तोत्र, दफनविधी आणि आजाऱ्यासाठीची प्रार्थना एवढे हिंदीत तोंडपाठ करा.

एक मुद्दा विद्यार्थ्यांना कुणी नीट सांगत नाही. जवान येऊन म्हणाला, ‘पाद्रे साहेब, जगावेसे वाटत नाही,’ तर गुप्तता कुठवर? कॅथलिक फादरला पापनिवेदनाची मोहोर तोडता येत नाही, म्हणजे तिथे ऐकलेले बाहेर सांगता येत नाही, कुठल्याही कारणाने. बाकी बोलण्याला भारतीय कायद्यात संरक्षण नाही. साक्षीच्या कायद्याने वकील-अशिलाला आणि नवरा-बायकोला ते दिले आहे, पुरोहिताला दिलेले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही नाही. म्हणून ‘तुझे बोलणे माझ्यापाशीच राहील’ असे सरसकट वचन देऊ नका. अशा वेळी त्याला एकटे सोडायचे नाही, त्याला विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे सोबत जायचे, आणि हत्यार त्याच्या हाती राहणार नाही याची व्यवस्था कंपनी कमांडरकडून करून घ्यायची. इथे आमच्यात मतभेद झाला. एकाचे म्हणणे, त्याच्या होकाराची वाट पाहावी. दुसऱ्याचे म्हणणे, शस्त्रागाराची किल्ली जवळ असताना होकाराची वाट पाहत बसू नये. नोकरी केलेले दुसऱ्या बाजूचे होते.

आमच्याकडे भिक्खू आहेत, महार रेजिमेंटमध्ये आमची पोरे आहेत. मग बौद्ध धर्मगुरू आमच्यातून का होत नाहीत?
— नांदेड

रास्त प्रश्न. जाहिरातीत पद ‘बौद्ध भिक्खू (महायान)’ असे असते. दीक्षा देणाऱ्या मठाच्या प्रमुखाकडे गेशे, खेन्पो, लोपोन किंवा रबजाम यांपैकी पदवी असावी, अशी अट असते. या पदव्या तिबेटी परंपरेतल्या, आणि पदही मुळात लडाखच्या जवानांसाठी योजलेले. १९५६ नंतर आपल्याकडे रुजलेली भिक्खू परंपरा प्रामुख्याने थेरवादी. तिच्याकडे तशी पदवी असण्याचा प्रश्नच येत नाही. दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराचे प्रमाणपत्र तर इथे मुळीच धरत नाहीत. आजच्या अटींत बसायचे तर रीतसर महायान मठात जाऊन वर्षानुवर्षे शिकावे लागेल. अट बदलायला हवी असे आम्हाला वाटते, पण भरती वाटण्यावर चालत नाही.

गावातल्या ख्रिस्ती जवानाचे पार्थिव येणार असेल तर गावच्या पाळकाने काय तयारी करावी? रेजिमेंटचा पाद्रे येतोच का?
— एक पाळक, हिंगोली

येईलच असे धरून चालू नका. सैन्याची तुकडी येते, मानवंदना देते. धार्मिक विधी बहुतेक वेळा तुमच्याच अंगावर पडतो.

आदल्या दिवशी तुकडीच्या सुभेदार साहेबांना फोन करून पेटीची लांबी-रुंदी विचारा. प्रवासासाठीची पेटी गावातल्या पेटीपेक्षा मोठी असते. नेहमीच्या मापाने कबर खणली तर सगळ्या गावासमोर पेटी काठावर अडकते आणि फावडी पुन्हा आणावी लागतात. चारी बाजूंनी वीतभर जास्त खणा. काळ्या मातीत पावसाळ्यात कडा ढासळतात, तिथे फळ्या लावून ठेवा. उतरवायला दोन जाड सोल लागतात, नवे आणि सारख्या लांबीचे.

तिरंगा पेटीवर असतो तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे असतो. ध्वज कबरीत उतरवायचा नसतो. पेटी खाली जाण्याआधी जवान तो काढून घडी घालतात आणि घरच्यांच्या हाती देतात. हार, क्रूस किंवा बायबल पेटीवर ठेवायचे असेल तर ते ध्वजावर ठेवू नका. ध्वज काढल्यानंतर ठेवा. मानवंदना, बिगुल आणि फैरी कधी, तुमची शेवटची प्रार्थना कधी, हे सुभेदार साहेबांशी आधी बसून ठरवा आणि दोघांनी कागदावर लिहून घ्या. बिगुल वाजत असताना माईकवर गीत सुरू झाले की सगळेच विस्कटते. उपदेश घरी किंवा चर्चमध्ये उरका. कबरीपाशी दहा मिनिटे पुरेत. तुकडी तिथे उन्हात ताठ उभी असते.

पाद्र्याला बंदूक चालवावी लागते का?
— उमरगा, जि. धाराशिव

१९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात सैन्याशी जोडलेल्या धर्मगुरूंना संरक्षण आहे. शत्रूच्या हाती लागले तरी ते युद्धकैदी ठरत नाहीत. कैद्यांच्या आध्यात्मिक गरजेपुरते त्यांना ठेवून घेता येते. भारताने हे करार १९५० मध्ये मान्य केले आणि १९६० मध्ये त्यांचा कायदाही केला. हे संरक्षण धर्मकाम करणाऱ्याला आहे. शत्रूवर चाल करून बंदूक चालवणाऱ्या धर्मगुरूला ते सांगता येणार नाही.