ग्रँड नॅशनल या ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या घोडदौडीत घोडे मरतात, तरी ही शर्यत चालू कशी? लोकांना काहीच वाटत नाही का?

वाटतं, आणि त्यामुळेच ती बदलत गेली. महालक्ष्मीला किंवा पुण्यात आपण पाहतो ती सपाट दौड. लिव्हरपूलच्या एनट्री रेसकोर्सवर घोड्याला पाठीवर स्वार घेऊन, गर्दीतून, जवळपास सात किलोमीटरमध्ये 30 अडथळे ओलांडायचे असतात. पडून पाय मोडला तर बहुतेकदा त्याला तिथेच मरण द्यावं लागतं, कारण एवढं वजन उरलेल्या तीन पायांना फार दिवस पेलवत नाही.

2012 मध्ये सिंक्रोनाइज्ड आणि अकॉर्डिंग टू पीट हे दोन घोडे गेले. त्यानंतर अडथळ्यांच्या आतले लाकडी खुंट काढून लवचीक प्लास्टिक बसवलं. 2023 मध्ये प्राणिहक्क कार्यकर्ते मैदानात घुसले, शंभरावर लोकांना अटक झाली, शर्यत उशिरा सुटली आणि हिल सिक्सटीन हा घोडा पहिल्याच अडथळ्यावर मेला. 2024 पासून घोडे 40 वरून 34 केले. पहिला अडथळाही सुरुवातीच्या रेषेजवळ आणला, म्हणजे तिथवर वेग कमी राहतो.

समर्थक म्हणतात, या घोड्यांची निगा उत्तम असते आणि शर्यत नसती तर ते जन्मालाच आले नसते. निगेचं खरं आहे. दुसरं मला अजिबात पटत नाही. जन्माला घातलं म्हणून जीव पणाला लावायचा हक्क मिळत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने 2022 मध्ये कायदा करून अशा शर्यती बंद केल्या. ब्रिटनमध्येही ते शक्य आहे, पण तिथे सट्ट्याचा पैसा आणि कित्येक तबेल्यांची रोजीरोटी यात अडकली आहे.